‘ॲडजस्ट’ होत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: “माझे मिस्टर ४९ वर्षांचे आहेत. टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं जॉबर होते. चार महिन्यांपूर्वी कारखाना बंद झाला. पहिले पंधरा दिवस बरे गेले, मग झोप उडाली. रात्री दोन वाजता उठून गॅलरीत बसतात, तोच तो हिशोब करत राहतात. बाहेर पडत नाहीत, मित्रांचे फोन घेत नाहीत. जवळच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती अडीच महिने चालू आहे. आता मानसोपचारतज्ज्ञांनी कागदावर ‘ॲडजस्टमेंट डिसऑर्डर’ लिहिलंय. दीर म्हणतात, आजार कसला, ॲडजस्ट करायला शिका. हे वेडेपण आहे का? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? मुलीला स्थळं बघतोय, पाहुण्यांना सांगावं का?”

ताई, दिरांवर चिडू नका. चूक त्यांची कमी आणि त्या शब्दाची जास्त आहे. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसताना ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणतो. नव्या सुनेला माहेरचे आणि सासरचे दोघंही ‘ॲडजस्ट करावं लागतं बाई’ म्हणतात. तोच शब्द डॉक्टरच्या कागदावर आला की घरच्यांना ते नापासाचं प्रगतिपुस्तक वाटतं. सरकारी मराठीत याला ‘समायोजन विकार’ म्हणतात. तो शब्द ऐकून पेशंट माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याची किडनी काढणार आहे. वीसेक वर्षं इथे प्रॅक्टिस करून मी एकच साधं वाक्य वापरायला लागलो आहे: धक्का बसला, आणि मन अजून त्या धक्क्यातच उभं आहे.

या निदानाची एक गोष्ट मला आवडते. डिप्रेशनच्या व्याख्येत बाहेर काय घडलं हे असावंच लागतं असं नाही. इथे मात्र घटनेशिवाय निदानच करता येत नाही. कारखाना बंद पडला नसता तर हा कागद तुमच्या घरात आला नसता. म्हणजे आजाराच्या नावातच मान्य केलेलं आहे की या माणसाच्या आयुष्यात खरोखर काहीतरी मोडलंय. दिरांना एवढं सांगा.

आता वेडेपणाचं. वेडेपण म्हणून लोक ज्याला घाबरतात, म्हणजे कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्या जेवणात काही घालतंय असं वाटणं, ते हे नव्हे. तुमच्या मिस्टरांना वास्तवाचं भान नको इतकं आहे. महिन्याचा हप्ता किती, शिल्लक किती, मुलीचं लग्न किती लांब, हे सगळं ते रात्री दोन वाजतासुद्धा अचूक सांगू शकतात. त्रास तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या आजाराच्या दोन मुख्य खुणा दिल्यात. एक, मन त्या घटनेत आणि तिच्या परिणामांत गुंतून राहतं, तेच तेच विचार फिरत राहतात. दुसरी, नव्या परिस्थितीत माणूस बसतच नाही, आणि त्याचा घर, काम, नाती यांवर ठळक परिणाम दिसतो. तुमचं ‘तोच तो हिशोब’ हे पहिल्या खुणेचं इतकं चोख वर्णन आहे की मला ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवावंसं वाटलं.

काळाचेही ठोकताळे आहेत. घटनेनंतर साधारण महिन्याभरात त्रास सुरू होतो. अमेरिकन पद्धतीत तीन महिन्यांपर्यंतची मुभा आहे. मूळ ताण आणि त्याचे परिणाम संपल्यावर सहा महिन्यांत त्रास ओसरतो. यातला ‘परिणाम’ हा शब्द नीट वाचा, कारण डॉक्टरसुद्धा तिथे घाई करतात. कारखाना चार महिन्यांपूर्वी बंद झाला, पण पगार आजही येत नाही आणि हप्ता दर महिन्याला येतो. तुमच्या घरात सहा महिन्यांचं घड्याळ अजून चालूच झालेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा माढा-मोहोळकडच्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हेच दिसलं. पाणी काही दिवसांत ओसरलं, पण वाहून गेलेली माती आणि डोक्यावरचं पीककर्ज ओसरत नाही. ‘आता विसरा’ म्हणणाऱ्याला फक्त पाणी दिसतं.

आणखी एक शंका तुमच्या मनात असेल: कारखान्यातले बाकीचे लोक तर ठीक आहेत, मग यांनाच का? त्यातला एक रिक्षा चालवतोय, एक भावाच्या दुकानात बसतोय. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, नोकरीवरून काढून टाकणं ४७, निवृत्ती ४५. गंमत म्हणजे लग्नाला ५०. म्हणजे नोकरी जाण्यापेक्षा लग्न जड! (माझ्या पत्नीला ही यादी मी दाखवलेली नाही.) यादी उपयोगाची, पण तिला एक कळत नाही. तीच घटना दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी मोडते. रिक्षावाल्याचा पगार गेला. तुमच्या मिस्टरांचं काय काय गेलं ते मोजून बघा. जॉबर म्हणजे लूम अडला की ज्याला हाक मारतात तो. दिवसातून वीस वेळा कुणीतरी त्यांचं नाव घेऊन बोलवत होतं. चहाच्या गाड्यावरची चौकडी होती, डब्याची वेळ होती, शुक्रवारची सुट्टी किंवा रविवारची सुट्टी हा वाद होता, बोनसवर चिडण्याची मजा होती. हे सगळं एका दिवसात बंद झालं आणि बाहेरून दिसला फक्त पगार. या शहराला हे नवीन नाही. मोठ्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या तेव्हाचे म्हातारे अजून माझ्याकडे येतात. त्यातले एक सांगायचे, भोंगा बंद झाल्यावर सकाळी किती वाजता जागं व्हायचं तेच कळेना झालं.

उपचाराकडे येतो. पण आधी, हे खरंच तेच आहे ना, याची खात्री. तुमच्या डॉक्टरांनी ती केली असेल, तरी तुम्ही लक्ष ठेवा. दिवसभर, रोज, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन बुडालेलं असेल, कशातच गोडी उरली नसेल, भूक-वजन उतरलं असेल, स्वतःला नालायक ठरवणं चालू असेल, तर ते डिप्रेशनच्या अंगाने चाललंय आणि उपचार बदलतो. तुमच्या पत्रात एक ओळ होती की नातू आला की ते हसतात, त्याला घेऊन खाली जातात. तेवढा आधार मला निदानाला पुरेसा नाही, पण चांगला वाटतो. जिवावरचा प्रसंग, अपघात, आग पाहिलेल्या माणसाचा त्रास वेगळ्या गटात जातो. आणि शरीर विसरू नका. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या भेटीतच तो रिपोर्ट मागतो. दारूबद्दलही विचारतो, बायकोसमोर नाही, एकट्याला.

मुख्य उपचार बोलण्याचा आहे आणि तो थोडक्यात संपतो. बहुतेकांना पाच-सात बैठका पुरतात. लोकांना वाटतं डॉक्टर समजूत घालतात. समजूत घालायला नातेवाईक पुरेसे आहेत आणि त्यांचा फारसा उपयोग झालेला नाही म्हणूनच पेशंट इथवर आलेला असतो. आम्ही काय करतो ते एका जुन्या पेशंटच्या उदाहरणाने सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. तो पॉवरलूमवर विणकर, घरी तेलुगू बोलणारा. भागीदाराने फसवल्यावर तीन महिने घरात बसलेला. पहिल्या दोन बैठका मराठीत झाल्या आणि काहीच हललं नाही. तिसरीला आमच्या तेलुगू जाणणाऱ्या समुपदेशक बसल्या आणि हा माणूस पाऊण तास रडला. पैशाचा व्यवहार माणूस कुठल्याही भाषेत सांगतो, फसवलं गेल्याची लाज मात्र आईच्याच भाषेत बाहेर येते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका गल्लीत आहे. तुम्हाला ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेतला समुपदेशक मागा. मागायला लाजू नका.

रडून झाल्यावर काम सुरू झालं. एका कागदावर मधोमध रेघ. एका बाजूला ज्याचं आज काही करता येईल ते, दुसऱ्या बाजूला ज्याचं काहीच करता येणार नाही ते. त्याने पहिल्यांदा सगळंच्या सगळं दुसऱ्या बाजूला लिहिलं, ‘पतसंस्थेचा हप्ता’सुद्धा. पतसंस्थेत जाऊन मुदत वाढवून मागता येते, हे त्याला ठाऊक होतं. ते सुचत नव्हतं, कारण मन फसवणुकीच्या दिवसातच अडकलं होतं. एक काम निवडायचं, त्याचे तुकडे करायचे, पहिला तुकडा इतका लहान की नाही म्हणायला जागा नको. त्याचा पहिला तुकडा होता पासबुक शोधणं. दुसऱ्या आठवड्यात तो पतसंस्थेत गेला. मुदत मिळाली नाही, पण तो जाऊन आला, आणि त्या रात्री पाच तास झोपला. मला तोच म्हणाला होता, “साहेब, धागा तुटला तर आधी लूम बंद करावा लागतो, चालत्या लूमवर गाठ बसत नाही.” मी तेव्हापासून हे वाक्य फुकट वापरतोय.

रात्रीच्या हिशोबावर तुम्हाला आजपासून करता येईल असा एक उपाय आहे. विचार करू नका असं सांगितलं की विचार दुप्पट येतात. म्हणून बंदी घालू नका, वेळ ठरवून द्या. संध्याकाळी साडेपाच ते सहा, वही-पेन घेऊन, तुम्ही शेजारी बसून सगळा हिशोब मांडायचा. रात्री दोन वाजता तो परत आला की स्वतःशी म्हणायचं, ‘उद्या साडेपाचला.’ पहिले आठ दिवस हे पोरकट वाटतं. नंतर बऱ्याच जणांना जमतं. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत पडू नये, उठून बसावं, पेंगुळलं की परत जावं. सकाळी उठण्याची वेळ मात्र एकच, रात्र कशीही गेली तरी. उन्हाळ्यात इथे दुपारी दोननंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं, सगळं गाव आडवं झालेलं असतं, त्यामुळे ‘दुपारी झोपू नका’ असं मी सोलापुरात सांगत नाही. अर्धा तास, गजर लावून.

आणि बाहेर पडणं. इच्छा झाल्यावर जाऊ, असं ते म्हणतील. या आजारात क्रम उलटा आहे. आधी पाय निघतात, इच्छा मागून येते. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे किंवा कंबर तलावाकडे चालायला न्या, बरोबर तुम्ही जा किंवा नातवाला पाठवा. देवळात जायचं असेल तर जरूर जावं, माझा आक्षेप नाही. ‘बाहेरचं काही आहे का’ म्हणून कुणी उतारा सुचवला आणि त्यासाठी हजारो रुपये मागितले, तर मात्र ठाम नाही म्हणा. हप्ता थकलेला असताना उताऱ्यासाठी उसनवारी केलेली घरं मी पाहिलीत.

गोळीबद्दल. जन्मभर? अजिबात नाही. खरं सांगायचं तर या आजाराचं असं खास औषधच नाही. डिप्रेशनची औषधं इथे ठामपणे उपयोगी पडतात असा पुरावा कच्चा आहे. चित्र डिप्रेशनकडे झुकलं तर ती देतो, आणि तेव्हा ती चांगलं काम करतात. तुमच्याकडे आलेली झोपेची गोळी, नाव पाहता, क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामच्या घरातली आहे. ती सुरुवातीला दोन-तीन आठवडे टेकू म्हणून ठीक असते. अडीच महिने जास्त झाले. पण हे वाचून ती आज रात्री बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती. एकदम बंद केली तर झोप आणखी बिघडते, छाती धडधडते, क्वचित फिटही येते. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारून डोस हळूहळू उतरवायचा. त्यावर दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. आणि जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत राहतात म्हणून त्या घेत राहू नका. आपल्याकडे काउंटरवर ओळख असली की चिठ्ठीची तारीख कुणी बघत नाही, त्याचे परिणाम मात्र माझ्या ओपीडीत येतात.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ‘एवढंसंच निदान’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. या आजारात आत्महत्येचा विचार येऊ शकतो, आणि विचारापासून कृतीपर्यंतचं अंतर कधी कधी फार कमी असतं. महिनोन्‌महिने खचत गेलेल्या माणसात घरच्यांना सावध व्हायला वेळ मिळतो, इथे मिळेलच असं नाही. ‘माझा भार झालाय’, ‘विम्याचे तरी पैसे मिळतील’ असं काही निघालं तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्या दिवशी एकटं सोडू नका. गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा, गावाकडे शेतीचं औषध असेल तर ते कुलपात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, नाहीतर सिव्हिलला. १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात, म्हणून हेही सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करत नाहीत, त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

तुमचा धाकटा मुलगा कॉलेज बुडवतो, उलट बोलतो, असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मला ते जाता जाता वाटत नाही. अकरावी-बारावीच्या वयात हाच आजार कधी रडण्यातून न दिसता चिडण्यातून, दांड्या मारण्यातून दिसतो. बाप घरी बसलाय हे त्यालाही रोज दिसतंय. पुढच्या भेटीला त्यालाही आणा, ‘तुला दाखवायचंय’ असं न सांगता, ‘बाबांसाठी चल’ म्हणून.

थोडं विषयांतर, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेच निदान माझ्याकडे नव्याने लग्न झालेल्या मुलींच्या कागदांवरही असतं, आणि सासू-सासरे ते घेऊन येतात: डॉक्टर, हिला ॲडजस्ट व्हायला शिकवा. परगावी आल्याचं एकटेपण असेल तर मदत करता येते. पण मुलगी एकटी बोलायला लागली की कधी कधी मारहाण निघते. तेव्हा मी उपचार सांगत नाही, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सांगतो. मार सोसायची सवय लावणं हे कुठल्याही पुस्तकात उपचार म्हणून लिहिलेलं नाही.

शेवटचा प्रश्न, पाहुण्यांचा. खरं तर पत्राच्या अक्षरावरून मला वाटलं की तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारायचा होता. हा आजार वंशपरंपरेने मुलीकडे जाणारा नाही, तिचा यात काही संबंध नाही. कारखाना बंद झाला हे सांगा, ते लपणारही नाही. झोपेचा त्रास झाला, डॉक्टरांना दाखवलं, उपचार चालू आहेत, हे कुणी विचारलं तर सांगा. फाइल उघडून दाखवायची गरज नाही. ज्यांना जबाबदारीने डॉक्टरकडे गेलेला बाप खटकतो, त्यांच्याबद्दल तुम्हाला लग्नाआधीच काहीतरी कळलं म्हणायचं. फक्त पाहुणे यायच्या दिवशी मिस्टरांना ‘तुम्ही आतल्या खोलीत पडा, मी बघते’ असं म्हणू नका. नीट शर्ट घालून बाहेर बसू दे. गप्प बसले तरी चालेल. टॉवेलचा विषय निघाला तर बहुतेक बोलतील.